एका मोळीने काय होतं?

मिनियापोलिसहून निघालेली गाडी चारेक तासांनी इटास्का स्टेट पार्कच्या प्रवेशनाक्यावर थांबली. गाडीत आई-बाबा, शाळकरी लेक आणि उन्हाळ्यापुरत्या साताऱ्याहून आलेल्या आजी. डिकीत तंबू, शिधा आणि शेकोटीसाठी घरच्या अंगणातल्या वाळलेल्या ॲशच्या झाडाची मोळी.

मोळी पाहून रेंजरबाई म्हणाल्या, "हे लाकूड आत नेता येणार नाही. जळण इथलंच विकत घ्या."

"एवढ्याशा मोळीने काय होणार आहे?" बाबा वैतागले.

रेंजरबाईंनी एका ओंडक्याची सुटलेली साल उचलली. आतल्या बाजूला अळ्यांनी कोरलेल्या नागमोडी वाटा होत्या. "हा ॲश पोखरणारा हिरवा भुंगेरा. अमेरिकेत तो २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००९ मध्ये मिनेसोटात पोहोचला. त्याने कोट्यवधी झाडं वाळवली. स्वतःच्या पंखांनी तो फार लांब जात नाही. शेकडो मैल जातो तो माणसांच्या गाडीतून, जळणाबरोबर. इथल्या पाणथळीत काळा ॲश आहे. तो वाळला तर तेही जाईल : इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या पट्ट्यांच्या टोपल्या विणत आले आहेत."

बाबांनी मोळी मुकाट्याने त्यांच्या ताब्यात दिली. पण एका मोळीवरून एवढं कशाला, हे काही त्यांच्या मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सगळे मिसिसिपी नदीच्या उगमाशी गेले. इटास्का सरोवरातून निघणारं ते पाणी पुढे सुमारे ३,७०० किलोमीटर वाहत समुद्राला मिळतं, पण इथे लेकीने ते दगडांवरून चालत सहज ओलांडलं. जवळच्या माहिती केंद्राला मेरी गिब्ज यांचं नाव होतं. लेक तिथली माहिती वाचून आजींना मराठीत सांगू लागली.

"आजी, इथले पाइन तुटू नयेत म्हणून जेकब ब्रोअर नावाचे सर्वेक्षक धडपडले. १८९१ मध्ये पार्कचा कायदा झाला, तोही फक्त एका मताच्या फरकाने! १९०३ मध्ये पार्क सांभाळणारे मेरीचे वडील वारले आणि पार्कची जबाबदारी तिच्यावर आली. ती तेव्हा २४ वर्षांची होती. लाकूड कंपनीने ओंडके वाहून न्यायला बांध घालून पाणी चढवलं होतं, काठावरची झाडं बुडत होती. मेरी बांधाचे दरवाजे उघडायला गेली. समोरच्यांनी बंदुकीची धमकी दिली, तरी ती हटली नाही."

"मग जिंकली का गं ती?"

"पद लवकरच गेलं तिचं. लाकूडतोडही पुढे काही वर्षं चालू राहिली. पण जुने पाइन उरले, आजी. काल आपण त्यांच्याच खालून चाललो."

आजी मुलाकडे वळल्या. "तू म्हणालास, एका मोळीने काय होतं. तो कायदा झाला तेव्हा विधिमंडळातला एखादा सभासद 'माझ्या एका मताने काय होतं' म्हणून घरी बसला असता, तर? एकाने राखलं जातं, तसं एकाने बुडवलंही जातं, बाळा."

त्या रात्री बाबांनी पार्कमधून विकत घेतलेल्या लाकडांची शेकोटी पेटवली. घरी परतल्यावर, पुढच्या आठवड्यात कॅम्पिंगला निघणाऱ्या प्रत्येक मित्राला त्यांनी फोन करून सांगितलं : जळण घरून नेऊ नका.

तात्पर्य : आपल्या एकट्याच्या करण्याला क्षुल्लक समजू नये. राखणाऱ्याला यश मिळेलच असं नाही, पण राखणारे असतात म्हणूनच पुढच्यांसाठी काही उरतं.