अकरा रुपयांची तक्रार

तीनशे रुपयांच्या आसपासचा २८ दिवसांचा पॅक मारला, तर एका दिवसाचे साधारण अकरा रुपये पडतात. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातल्या एखाद्या गावात दिवसभर रेंज गेली, तर हिशेबाने एका ग्राहकाचे बुडाले ते एवढेच. अकरा रुपयांसाठी कोणी एसटीत बसून जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी चढणार नाही. जाण्यायेण्याचे भाडेच त्याहून कितीतरी जास्त. मोबाइल आणि इंटरनेटच्या ग्राहकाचे सगळे दुखणे मला या आकड्यात दिसते. एकेकट्याचे नुकसान क्षुल्लक असते, आणि आपली तक्रारीची व्यवस्था बहुतेक वेळा एकेकट्याचेच ऐकते. लाखभर ग्राहकांचा एक दिवस बुडाला, तर ती रक्कम अकरा लाखांवर जाते. पण त्या अकरा लाखांसाठी भांडणारा कोणी उरत नाही.

ही व्यवस्था मुळातच कमजोर होती असे नाही. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला आणि टेलिफोनच्या बिलाचे वाद जिल्हा मंचापुढे जाऊ लागले. मग १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की, हे वाद १८८५ च्या तार कायद्यातल्या कलम ७ब प्रमाणे लवादाकडेच जायला हवेत, ग्राहक मंचांना ते ऐकता येणार नाहीत. लवाद नेमणार केंद्र सरकार. इंग्रजांच्या काळातल्या, तारेसाठी केलेल्या कायद्याने खाजगी मोबाइल कंपन्यांना आयती ढाल मिळाली, आणि ती बारा वर्षांहून अधिक काळ टिकली. अहमदाबादच्या एका ग्राहकाला एरवी महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येई. २०१३ च्या अखेरीस एका महिन्याचे २४,६०९ रुपये आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचाकडे तक्रार केली. बिल चूक की बरोबर हा प्रश्न बाजूलाच राहिला. ही तक्रार मंचाला ऐकता येते का, एवढ्याच मुद्द्यावर प्रकरण दिल्लीपर्यंत गेले. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘येते’ असे स्पष्ट सांगितले. दार उघडे आहे हे कळायलाच आठ वर्षे लागली.

मधल्या काळात, २०१९ मध्ये, नवा ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि ‘सेवा’ या व्याख्येत दूरसंचाराचे नाव पहिल्यांदा घालण्यात आले. जालन्याचे तेव्हाचे खासदार रावसाहेब दानवे त्या वेळी केंद्रात ग्राहक व्यवहार खात्याचे राज्यमंत्री होते. या जिल्ह्याने तरी तो कायदा आपला मानून वापरायला हवा. कागदावर तो चांगला आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तक्रारींसाठी ऑनलाइन यंत्रणेची तरतूद करताना ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क शाबूत ठेवला आहे.

पण आयोग ही शेवटची पायरी झाली, मधल्या पायऱ्या कुठे आहेत? आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्यायचा. समाधान झाले नाही तर तीस दिवसांत अपील करायचे, तेही त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. ट्राय ही नियामक संस्था १९९७ पासून आहे, पण एकट्या ग्राहकाचा वाद ती सोडवत नाही. महावितरणच्या ग्राहकाला गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. बँकेच्या खातेदाराला १९९५ पासून रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. दूरसंचारासाठीही लोकपाल हवा अशी शिफारस ट्रायने २०१७ मध्ये केली, २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात त्याचा उल्लेखही आला. लोकपाल काही आला नाही. ज्या शेतकऱ्याच्या कृषिपंपाच्या बिलाचा वाद लोकपालापर्यंत जाऊ शकतो, त्याच्याच खिशातल्या मोबाइलच्या वादाला ती सोय नसावी, याचे समर्थन मला तरी करता येत नाही.

आणि मोबाइल आता नुसता बोलण्यासाठी राहिलेला नाही. गावाकडे तो सरकारी कचेरीचा दरवाजा झाला आहे. ई-पीक पाहणीत कापूस, सोयाबीन, मोसंबीची नोंद शेतात उभे राहून मोबाइलवर करायची आणि नेट मिळेल तेव्हा ती वर पाठवायची. पीक विम्यात, निदान २०२४ च्या खरिपापर्यंत, गारपिटीने किंवा शेतात पाणी साचून पीक गेले तर ७२ तासांत कळवणे बंधनकारक होते. वादळ-पाऊस आला की आधी लाईट जाते, टॉवरची बॅटरी उतरली की पाठोपाठ रेंज जाते, आणि नेमका तेव्हाच तो ७२ तासांचा काटा फिरू लागतो. रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र नेटवरच चालते. अनुदान, केवायसी, बँक, सगळीकडे ओटीपी. म्हणून अकरा रुपये ही पॅकची किंमत झाली. बुडालेल्या दिवसाची किंमत एखाद्या घराला हजारांत पडू शकते, आणि ती कुठल्याच बिलावर दिसत नाही.

सेवेचा दर्जा मोजण्याची पद्धतही गावाच्या विरुद्ध जाणारी होती. वर्षानुवर्षे तो ‘सर्कल’च्या सरासरीवर मोजला गेला. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल. पुण्यातली चांगली रेंज आणि जाफराबादच्या वाडीतली नसलेली रेंज एकत्र केली की सरासरी समाधानकारक निघते, आणि वाडी अहवालातून नाहीशी होते. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या ट्रायच्या नव्या विनियमांनी यात महत्त्वाचा बदल केला. कंपन्यांनी आपल्या व्याप्तीचे नकाशे संकेतस्थळावर द्यायचे. जिल्हाभर सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ द्यायची, तीही ग्राहकाने न मागता. तत्त्व अगदी बरोबर आहे. नुकसान लहान आणि माणसे पुष्कळ असतील, तेव्हा भरपाई आपोआपच मिळायला हवी. दुसरा न्याय्य मार्ग नाही. फक्त माप फार मोठे धरले आहे. जालना जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाख लोक. भोकरदन तालुक्यातली पाच गावे तीन दिवस रेंजविना राहिली आणि जालना शहर सुरू असले, तर हा नियम त्या गावांच्या कामाचा नाही. कोणता टॉवर किती वाजता बंद पडला आणि किती वाजता सुरू झाला, हे कंपनीच्या यंत्रणेत मिनिटाच्या हिशेबाने नोंदले जाते. मग भरपाईचे माप टॉवर का नसावा?

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: वीज महावितरणची गेली, केबल रस्ता खोदणाऱ्याने तोडली, आमचा दोष काय? हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन कॉलपर्यंत, देण्याचा ट्रायचा २०१५ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला, तो याच वळणाच्या कारणाने: कॉल कोणाच्या चुकीने तुटला हे न पाहताच भुर्दंड लावला होता. पण मुदतवाढ हा भुर्दंड नाही. न दिलेल्या सेवेचे आगाऊ घेतलेले पैसे परत करणे एवढाच तिचा अर्थ आहे, आणि त्यासाठी कोणाचा दोष सिद्ध व्हावा लागत नाही. केबल कोणी का तोडेना, ग्राहकाने तर तोडली नाही.

हाच न्याय सरकारने नेट बंद केले तेव्हाही लागू व्हायला हवा. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीपासून मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले, आणि पुढच्या काही महिन्यांत या जिल्ह्याने इंटरनेटबंदी एकाहून अधिक वेळा पाहिली. नोव्हेंबर २०२३ च्या सुरुवातीला, मग २६ फेब्रुवारी २०२४ रोजी बीड आणि छत्रपती संभाजीनगरसोबत. बंदी गरजेची होती की नाही, हा वेगळा वाद आहे. अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे सांगितले आहे. माझे म्हणणे त्याहून साधे आहे: जितके तास नेट बंद ठेवण्याचा हुकूम, तितक्या मुदतवाढीचे वाक्यही त्याच हुकमात असावे. सुरक्षेची किंमत समाजाने मोजायची असेल, तर ती रिचार्ज मारलेल्या माणसाच्या खिशातून परस्पर वळती होऊ नये.

सर्वांसाठी एकच नियम काय करू शकतो, हे आपण पाहिले आहे. २८ दिवसांचा ‘महिना’ म्हणजे वर्षाला तेरा रिचार्ज. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीला निदान एक पॅक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा ठेवायला लावला. डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा वेगळा पॅक देणे बंधनकारक झाले. साधा फोन वापरणाऱ्या आजीला न वापरलेल्या नेटचे पैसे भरायला लागू नयेत, एवढीशी गोष्ट; पण ती लाखो तक्रारींनी झाली नसती.

पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली ती ग्राहकांनी एकत्र यावे म्हणून, आणि २०१९ च्या कायद्यात त्यासाठी जागा आहे. कलम ३५ प्रमाणे एकाच हिताचे अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करू शकतात. कलम १६ तर फारसे कोणी उघडूनही पाहिलेले दिसत नाही. ग्राहकांच्या समूहाच्या हक्कांवर गदा आल्याची तक्रार आली, तर जिल्हाधिकारी स्वतः चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे अहवाल पाठवू शकतात. त्यासाठी लागणारा कागद गावातच तयार होतो: कोणत्या कंपनीची रेंज कोणत्या तारखेला किती वाजता गेली, कधी आली, तेव्हा गावात लाईट होती का, त्या दिवसांत किती जणांचे पॅक चालू होते, आणि त्याखाली ग्रामसभेचा ठराव. असा ठराव एका तालुक्यातल्या दहा-वीस गावांनी एकाच महिन्यात जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घेतली, तर ती तक्रार अकरा रुपयांची राहणार नाही.