गिरिप्रवचन आणि तिकीटबारी

सेसिल बी. डेमिल यांच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ची सुरुवात मोशेपासून होत नाही. आधी डेमिल स्वतः पडद्याआडून बाहेर येतात आणि मायक्रोफोनसमोर उभे राहून प्रेक्षकांना विषय समजावून देतात: माणसांवर देवाच्या कायद्याचं राज्य असावं, की फेरोसारख्या हुकूमशहाच्या लहरीचं? माणूस सरकारच्या मालकीचा आहे का? हीच लढाई आजही जगात चालू आहे, असंही ते बजावतात. साल होतं १९५६. आजचा फेरो कोण, हे शीतयुद्धातल्या अमेरिकी प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. दोनच वर्षांपूर्वी तिथल्या राष्ट्रनिष्ठेच्या प्रतिज्ञेत देवाचा उल्लेख घातला गेला होता आणि त्याच १९५६ साली ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे देशाचं अधिकृत ब्रीदवाक्य झालं. याच सुमारास ‘फ्रॅटर्नल ऑर्डर ऑफ ईगल्स’ ही संघटना दहा आज्ञा कोरलेले दगडी स्तंभ गावोगाव उभारत होती. डेमिल यांनी त्या मोहिमेला हातभार लावला, काही अनावरणांना त्यांचे नटही गेले. पुढे ईगल्सनीच दिलेला असा एक स्तंभ टेक्सासच्या विधानभवनाच्या आवारात उभा राहिला. त्यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००५ साली पाच विरुद्ध चार मतांनी स्तंभ तिथेच राहिला.

खोटी साक्ष देऊ नको, शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ धरू नको, या आज्ञा वाचणाऱ्यासाठी आहेत; त्या त्याच्याकडून काही मागतात. विधानभवनाच्या आवारात मात्र त्या इतरांना ऐकवण्यासाठी उभ्या राहतात, हा देश कोणाचा ते सांगू लागतात. अमेरिकेतल्या लोकप्रिय ख्रिस्ती चित्रपटांत श्रद्धा आणि परंपरावादी राजकारण यांची जी ओढाताण दिसते, तिचं मूळ मला इथे दिसतं. राजकारणाला श्रद्धा ओळखीपुरती पुरते. शुभवर्तमानाला अख्खा माणूस हवा असतो.

‘गॉड्स नॉट डेड’ ही मालिका याचा सर्वांत बोलका नमुना. २०१४च्या पहिल्या भागात तत्त्वज्ञानाचा नास्तिक प्राध्यापक वर्गातल्या मुलांकडून ‘देव मेला आहे’ असं लिहून त्यावर सही घेतो. एकच मुलगा नकार देतो आणि वर्गासमोर देवाची बाजू लढवतो. शेवटी प्राध्यापकाला गाडी ठोकरते आणि भर पावसात, रस्त्यावर पडलेला तो मरता मरता ख्रिस्ताला शरण जातो. जेमतेम वीस लाख डॉलरमध्ये काढलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत सहा कोटींवर कमाई केली. समीक्षकांनी त्याची टर उडवली. मला तो हास्यास्पद वाटत नाही, क्रूर वाटतो. विरोधकाला वादात हरवून भागलं नाही, त्याला मारावं लागलं. आणि हे घडतं ‘शत्रूंवर प्रीती करा’ म्हणणाऱ्याच्या नावाने.

दुसऱ्या भागात वर्गाची जागा कोर्ट घेतं. गांधीजी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अहिंसेवर वर्गात चर्चा चाललेली असते, एक मुलगी येशूचं नाव काढते, शिक्षिका त्याच्या शिकवणुकीचा दाखला देते आणि तिच्यावर खटला भरला जातो. येशूच्या गिरिप्रवचनाने गांधीजींच्या मनाची किती पकड घेतली होती हे आपण जाणतो. इथे तो धागा मिनिटभरात सुटतो आणि उरतो तो खटला. चौथ्या भागात मालिकेतला पास्टर डेव्ह वॉशिंग्टनला काँग्रेससमोर जातो. २०२४च्या पाचव्या भागात तो स्वतःच काँग्रेसची निवडणूक लढवतो. त्या भागाचं नाव ‘इन गॉड वी ट्रस्ट’.

मधला तिसरा भाग, २०१८चा, या माळेत बसत नाही. डेव्हचं चर्च जळतं, त्याचा सहकारी त्यात मरतो, विद्यापीठ चर्चची जागा घेऊ पाहतं आणि डेव्ह कोर्टाची पायरी चढतो. या धावपळीत तो एका वयस्क कृष्णवर्णीय पास्टरपुढे आपलं गाऱ्हाणं मांडतो: ख्रिस्ती माणसाला आता या देशात कोणी उभं करत नाही. तो पास्टर त्याला तिथेच थांबवतो. हे तू कोणाला सांगतो आहेस, असं विचारतो. दक्षिणेतल्या आपल्या चर्चच्या काचा फोडत आत आलेल्या विटांची आठवण करून देतो. छळ म्हणजे काय हे खरंच सोसलेल्या ख्रिस्ती माणसाचा एवढाच आवाज या मालिकेत मला ऐकू आला. डेव्ह अखेर लढाई सोडून देतो. या भागाने अमेरिकेत एक कोटी डॉलरही मिळवले नाहीत. प्रेक्षक मालिकेलाच कंटाळला असेल, हे शक्य आहे. निर्मात्यांनी मात्र पुढच्या भागात ती वाट पुन्हा धरली नाही.

या प्रेक्षकाची तक्रार निव्वळ कांगावा आहे असं मी म्हणणार नाही. हॉलिवुडच्या कित्येक पटकथांत लहान गावातला पाद्री एक तर ढोंगी असतो, नाही तर बावळट, आणि भाविक माणसाला ते लागतं. पण जिथे श्रद्धेचा खरा झगडा पडद्यावर आला, तिथेही याच वर्गाने दार लावून घेतलं. १९८८ साली स्कोर्सेसी यांच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’विरुद्ध हजारो लोक युनिव्हर्सल स्टुडिओच्या दारात जमले, ‘कॅम्पस क्रुसेड’च्या बिल ब्राइट यांनी तर सगळ्या प्रती नष्ट करता याव्यात म्हणून खर्च भरून देण्याची तयारी दाखवली. सोळा वर्षांनी मेल गिब्सन यांच्या ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’साठी चर्चनी थिएटरंच्या थिएटरं आरक्षित केली. रक्तपातामुळे त्याला ‘आर’ प्रमाणपत्र होतं. त्यात फटके संपता संपत नाहीत. गिरिप्रवचन मात्र आठवणीच्या एका झलकेत येऊन जातं. जखमी येशूपुढे रडता येतं. बोलणाऱ्या येशूचं ऐकावं लागतं.

धर्मचित्र आणि राष्ट्रभावना यांची गाठ आपल्याकडेही पहिल्या दिवसापासूनची आहे. फाळक्यांनी मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण उभे राहिले. त्या ध्यासात भक्ती होती तशी स्वदेशीही होती. म्हणून अमेरिकेकडे मी परक्याच्या घरात डोकावल्यासारखा पाहत नाही.

आलेहांद्रो मोंटेवेर्दे या दिग्दर्शकाचे लागोपाठ आलेले दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहावेत. एंजल स्टुडिओजचा ‘साउंड ऑफ फ्रीडम’ २०२३च्या ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनीच, लागला. मुलांची विक्री करणाऱ्या टोळ्यांचा माग काढत एक माजी सरकारी अधिकारी कोलंबियाच्या जंगलात शिरतो. ट्रम्प यांनी आपल्या गोल्फ क्लबवर त्याचा खेळ ठेवला. अमेरिकेत कमाई अठरा कोटींच्या वर गेली. आठ महिन्यांनी, त्याच एंजल स्टुडिओजने, ‘कॅब्रिनी’ आणला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं न्यूयॉर्क. एक इटालियन पोरगा मरणाऱ्या आईला हातगाडीवर घालून रस्तोरस्ती मदत मागतो आहे आणि त्याची भाषा कळत नाही म्हणून कोणी थांबत नाही. अशा मुलांसाठी अनाथालय आणि इस्पितळ काढणारी नन फ्रान्सिस कॅब्रिनी पुढे संतपदाला पोहोचली; कॅथलिक चर्च तिला स्थलांतरितांची आश्रयदाती मानतं. इथेही धोक्यात मुलंच आहेत. फरक इतकाच, की पहिल्या चित्रपटातले गुन्हेगार दूरच्या जंगलात आहेत आणि दुसऱ्यात दोष शहराचा आहे, त्याच्या महापौराचा आणि दार न उघडणाऱ्या शेजाऱ्यांचा. ‘कॅब्रिनी’ची कमाई दोन कोटींच्या आसपास राहिली. त्याच वर्षी, २०२४च्या जुलैत, रिपब्लिकन अधिवेशनात सामूहिक हद्दपारीची मागणी करणारे फलक हाताहातांत फडकत होते, आणि नोव्हेंबरमध्ये श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल मतदारांपैकी दहात सुमारे आठ जणांनी त्याच बाजूला मत दिलं. ‘कॅब्रिनी’ थोडा लांबला आहे, हे मान्य. पण एवढी तफावत लांबीने पडत नाही.

टेरेन्स मॅलिक यांच्या ‘अ हिडन लाइफ’मध्ये (२०१९) या तफावतीचं कारण एक पात्रच सांगतं. ऑस्ट्रियातल्या राडेगुंड गावच्या चर्चमध्ये भिंतीवर चित्रं काढणारा चित्रकार शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटरला सांगतो, की मी लोकांना सोसवेल असा ख्रिस्त रंगवतो. त्याच्या दुःखाकडे ते पाहतात आणि त्यांचं जगणं होतं तसंच राहतं. फ्रान्झ हिटलरशी निष्ठेची शपथ घ्यायला नकार देतो. गाव त्याला वाळीत टाकतं, बिशपही सरकारचं ऐक म्हणतात. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या चर्चने त्याला धन्य घोषित केलं ते २००७ साली.

फ्रान्झची भूमिका करणारे आउगुस्ट डील २०२४च्या ‘बॉनहोफर’मध्येही आहेत. हाही चित्रपट एंजलचाच. हिटलरविरोधी कटात सामील झालेल्या आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत फासावर चढवलेल्या या जर्मन पास्टरच्या हाती पोस्टरवर पिस्तूल दिलं होतं. नावाखाली शब्द होते, पास्टर, हेर, मारेकरी. अमेरिकेतले ख्रिस्ती राष्ट्रवादी बॉनहोफरचं नाव आपल्या राजकारणासाठी राबवत आहेत, असा निषेध त्याच्या वंशजांनी जाहीरपणे नोंदवला आणि डील यांच्यासह चित्रपटातल्या नटांनीही त्याच अर्थाचं निवेदन काढलं. दिग्दर्शकाने असा हेतू नाकारला, आणि त्याच्यावर मी अविश्वास दाखवणार नाही. पण १९३७ सालच्या बॉनहोफरच्या गाजलेल्या पुस्तकाचा मोठा भाग गिरिप्रवचनावरचं भाष्य आहे, आणि कटात उतरताना आपण निर्दोष राहणार नाही हे त्याने स्वतःपासून लपवलं नव्हतं. पिस्तूल देताना त्याच्या हातातून ते प्रवचनही काढून घेतलं आणि ते ओझंही. याचा मला मनापासून राग येतो.