बीजसंचय

वैशाखाच्या उन्हात पळसाच्या चपट्या शेंगा गळू लागतात, बहाव्याच्या लांब शेंगा काळ्याभोर होतात आणि मृगाच्या सुमारास जांभूळ पिकते, तेव्हा सह्याद्रीच्या कुशीतील गावकऱ्यांनी बीजसंचयास निघावे. बहाव्याचे बीज कठीण कवचामुळे दीर्घकाळ टिकते, पण पेरण्यापूर्वी ते कवच घासावे लागते. जांभळाचे बीज मात्र ओलावा गमावताच अल्पावधीत निर्जीव होते, म्हणून तेथे दिरंगाई क्षम्य नाही. बीज एकाच वृक्षाचे न घेता अनेकांचे थोडेथोडे घ्यावे, आणि पाखरांचा वहिवाटीचा हिस्सा तळाशी राहू द्यावा. लागवडीचे खड्डे सरकारी हुकुमाने खणता येतील. परंतु रानातले कोणते झाड केव्हा पिकते, याची नोंद दप्तरात क्वचित, वृद्धांच्या स्मरणात मात्र हमखास सापडते. यास्तव त्यांना सोबत घेऊनच यंदा रानात जावे.