कोतवालाची हाक

एका कोरडवाहू शेताच्या बांधावर कडुनिंबाचं जुनं झाड होतं. त्यावर एक तरणा कोतवाल पक्षी राहायचा. काळाकुळकुळीत, शेपटीला टोकाशी दोन फाटे. पहाटे सगळ्यांच्या आधी तो जागा व्हायचा. शेतकऱ्यानं नांगर धरला की बैलांच्या मागे मागे उडायचा आणि ढेकळांतून उठलेले किडे वरच्यावर टिपायचा.

कोतवालाचं कूळ शूर. घार येवो की कावळा, घरट्याच्या आसपास फिरकला की कोतवाल त्याच्या पाठीवर तुटून पडतो. म्हणूनच हळद्या, होला, बुलबुल असे गरीब पक्षी त्याच्या आसऱ्यानं घरटी बांधतात. पण या कोतवालाच्या मनात एक भीती दडून बसली होती. नुकते पंख फुटले होते तेव्हा शिक्र्यानं त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या भावाला उचलून नेलं होतं. तेव्हापासून शिक्र्याची शीळ कानावर आली की त्याचा घसा कोरडा पडे. तोंडातून हाकच फुटत नसे.

पुढे त्यानं एक युक्ती काढली. नकला करणं कोतवालाच्या रक्तातच असतं. त्यानं शिक्र्याचीच शीळ गळ्यात बसवली. साळुंक्या बांधावर किडे वेचत असल्या की हा पानांआडून शिक्र्यासारखी शीळ घाली. साळुंक्या चोचीतलं टाकून जीव घेऊन पळत आणि हा खाली उतरून आयतं खाई. हळूहळू झाडावरचे पक्षीही त्याला दबकून राहू लागले. आपण ज्याला भ्यायचो त्याच्या आवाजानं आता सगळे आपल्याला भितात, याचा त्याला मोठा अभिमान वाटे. स्वतःची खरखरीत हाक तर तो विसरल्यासारखाच झाला.

झाडावरचा म्हातारा होला एकदा त्याला म्हणाला, “बाबा रे, या शिळेनं पोट भरेल. पण पळवून लावणं वेगळं आणि राखण करणं वेगळं. तुझ्या बापाची हाक ऐकून आम्ही या झाडावर राहायला आलो होतो.”

“आजोबा, त्या घोगऱ्या हाकेला कोण विचारतंय?” कोतवाल हसला. “जग शिळेला भितं.”

मे महिन्यात त्याच्या मादीनं एका फांदीच्या बेचक्यात घरटं केलं. काड्या-गवताची वाटी, वरून कोळिष्टकांनी बांधलेली. दोघांनी आळीपाळीनं 3 अंडी उबवली आणि साधारण 15 दिवसांनी पिल्लं बाहेर आली. तेवढ्यात वळवाचा पाऊस झाला, हुमणीचे भुंगेरे जमिनीतून वर निघाले आणि झाडावर सगळ्यांचीच चंगळ झाली.

एका सकाळी मादी चारा आणायला गेली होती आणि कोतवाल घरट्याशी बसला होता. इतक्यात समोरच्या फांदीवर शिक्रा येऊन बसला. त्याची नजर पिल्लांवर होती.

कोतवालानं घाबरून शीळ घातली. शिक्र्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि तो एक फांदी पुढे सरकला. आपल्याच आवाजाला तो कशाला भिईल? उलट ती शीळ ऐकून हळद्या उडाला, बुलबुल पानांत दडले, बांधावरच्या साळुंक्या पळाल्या. चारा घेऊन परतणारी मादीसुद्धा वाटेतूनच वळली. पिल्लं घरट्याच्या तळाला चिकटून गप्प झाली. धावून येऊ शकणाऱ्या प्रत्येकाला त्यानं स्वतःच हाकलून दिलं होतं.

शिक्रा आणखी पुढे सरकला. कोतवालाची भीती तसूभरही कमी झाली नव्हती, घसा कोरडाच होता. पण आता गप्प बसलं तर पिल्लं जाणार, एवढं त्याला कळत होतं. त्यानं चोच उघडली. आधी नुसताच चिरका सूर निघाला. मग त्याची स्वतःची खरखरीत हाक शेताच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि त्याच दमात तो शिक्र्याच्या पाठीवर तुटून पडला. इतक्या जवळून त्यानं शिक्रा कधी पाहिलाच नव्हता. लांबीला तो जवळपास आपल्याएवढाच आहे, हे त्याला तेव्हा दिसलं.

हाक ऐकताच मादी बाणासारखी आली. पाठोपाठ हळद्या आला, बुलबुल आले, साळुंक्यांचा थवा कलकलाट करत आला. चहूबाजूंनी टोचा बसू लागल्या, तसा शिक्रा नदीच्या दिशेनं निघून गेला.

संध्याकाळी कोतवाल खाली मान घालून साळुंकीला म्हणाला, “मी तुला इतकं लुबाडलं, तरी तू धावून आलीस?”

साळुंकी म्हणाली, “शीळ ऐकली की आम्ही पळणारच. तू आम्हाला आजवर हाक मारलीच कुठे होतीस? आज मारलीस, आम्ही आलो.”

कोतवालानं नकला सोडल्या नाहीत, तो त्याचा स्वभावच. पण घरट्याकडे कोणी वाकड्या नजरेनं पाहिलं की तो आपल्याच हाकेनं ओरडे. शिक्रा दिसला की पोटात गोळा अजूनही येई, पण आता त्यामुळे हाक अडत नसे.

तात्पर्य: भीती झाकण्यासाठी उसना आवाज घेतला की लोक दबतात, पण जवळ येत नाहीत. भीती जाण्याची वाट पाहत बसू नये. ती असतानाच आपल्या आवाजात बोलावं. तो ओबडधोबड असला तरी चालेल. संकटात आपली माणसं त्याच आवाजाला ओ देतात.