खुडलेलं फूल कुणाचं?

फूल खुडावं की झाडावरच राहू द्यावं, यावर आमच्या अम्मी-अब्बांचं उभ्या आयुष्यात एकमत झालं नाही. मिरजेतल्या घरामागे छोटंसं परस. त्यात गुलाब, शेवंती, निशिगंध, कडेनं झेंडू. अम्मी म्हणायची, "फूल झाड पेच अच्छा." आणि अब्बा फजरची नमाज अदा करून आले की कात्री-बादली घेऊन सरळ मागच्या दारी.

अब्बांचं म्हणणं अनुभवाचं होतं. गुलाब झाडावरच सुकला की झाडाची ताकद बी धरण्यात जाते. पाच पाती असलेल्या पानाच्या जरा वर तिरका काप दिला, तर तिथूनच नवी फूट येते. झेंडू तर जितका खुडाल तितका फुलतो. निशिगंधाची खालची दोन फुलं उमलली की दांडी कापायची, सकाळच्या गारव्यात, आणि लगेच पाण्यात उभी करायची. पण निशिगंधाला गुलाबाचा हिशेब लागू नाही. कापलेली दांडी पुन्हा फुलत नाही. अम्मी नेमकी तीच दाखवायची.

खरा वाद मात्र बादलीतली फुलं जातात कुठं, याचा होता. काही घरात राहत, काही जुम्मेरातीला आजोबांच्या कबरीवर, आणि भाद्रपदात शेजारच्या काकूंच्या गणपतीला. एका वर्षी मामूंनी विचारलंच, "भाईजान, आपल्या हातानं मूर्तीला फूल? अल्लाहला जाब काय देणार?" अब्बा म्हणाले, "मी फूल शेजारणीला दिलं."

मामूंना कबरीवरची फुलंही मान्य नव्हती. पैगंबरांनी दोन कबरींवर खजुराची ओली फांदी लावल्याची हदीस अब्बा सांगत. ती गोष्ट फक्त पैगंबरांपुरती होती, असं मामू म्हणत. दोन्ही मतांचे आलिम आहेत. मामूंना कट्टर म्हणून मोडीत काढणं सोपं आहे. आमच्यातल्या सुधारकी मंडळींना ते आवडतंही. पण ज्याला तौहीद प्राणापलीकडे प्रिय आहे, त्याला हा प्रश्न पडणारच.

झाड लावलं आणि माणसानं, पाखरानं, जनावरानं त्यातलं खाल्लं, तर तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, असं हदीस सांगते. खाणाऱ्या माणसाचा धर्म तिथं विचारलेला नाही. मामू म्हणतील, खाणं वेगळं, पूजा वेगळी. खरंच आहे. तरीही दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याची मालकी कुठवर पोचते? फूल देताना ते कुठं वाहणार म्हणून विचारायचं, तर ते दान की पहारा?

काकूंनी हा प्रश्न त्यांच्या परीनं सोडवला होता. त्यांचे मोदक आमच्याकडे यायचे ते नैवेद्य दाखवण्याआधी बाजूला काढलेले. "हे आधीचे आहेत, मुलांना खुशाल द्या," असं त्या दारातूनच सांगत. आमची सीमा त्यांना कुणी समजावली नव्हती.

अम्मी गेली तेव्हा अब्बांनी तिच्या कबरीवर खुडलेलं फूल ठेवलं नाही. पायथ्याशी निशिगंधाचे कंद लावले. पाणी घालायला कधी आम्ही जायचो, कधी मामू. त्या दांड्या अब्बांनी कधी कापल्या नाहीत. परसातल्या मात्र आम्ही आजही कापतो. भाद्रपदात काकूंची सून परडी घेऊन मागच्या दारी येते, आम्ही ती भरून देतो, आणि मामूंचा प्रश्न तेवढा वेळ आमच्या शेजारी उभा असतो.