मुठीच्या बाजूने

'तुझं आवडतं शस्त्र कोणतं?' हा प्रश्न आपल्याकडे 'आवडता लाडू कोणता' इतक्या सहजपणे विचारला जातो. गडावरच्या देवळात मुक्काम असावा, पिठलंभात होऊन गेलेला असावा, झोप येत नसावी, की कुणीतरी हा विषय काढतोच. एक जण दांडपट्टा म्हणतो, दुसरा वाघनखं. एखादा इंजिनियर मुद्दाम तोफ म्हणतो आणि मलिक-ए-मैदानचं वजन सांगायला लागतो. माझं उत्तर गेली पंचवीस वर्षं ठरलेलं आहे: फिरंग.

फिरंग म्हणजे युरोपात घडवलेल्या पात्याची आणि आपल्याकडे मूठ बसवलेली तलवार. जर्मनीतली, इटलीतली, स्पेनमधली पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरायची, इथला कारागीर त्यांना मूठ चढवायचा. पातं सरळ, लांब, त्यावर बहुधा लांबलचक उथळ खाच. पुष्कळांना वाटतं की ती खाच रक्त वाहून जाण्यासाठी असते. तसं काही नाही. खाच पाडली की पात्याचं वजन कमी होतं, पण ते लवचीक किंवा लुळं होत नाही. लोखंडी गर्डर जसा मधे बारीक ठेवतात, तोच हिशेब. मुठीला बोटं झाकणारी जाळीसारखी वाटी असते आणि टोकाला एक खुंटी. ती खुंटी नुसती शोभेची नाही. जोरदार वार करायचा असेल तर दुसऱ्या हाताने तिला धरता येतं. वाकड्या तलवारीचं कौशल्य ओढून कापण्यात. सरळ फिरंगेचं लांब पल्ल्यात. घोड्यावरून खालच्या माणसापर्यंत पोचायचं तर चार बोटं जास्तीची लांबी फार कामाची.

शेवटची दोन वाक्यं मी अनेकदा बोललो आहे, आणि दर वेळी मला त्यात मजा आली आहे. 'खालच्या माणसापर्यंत पोचायचं' म्हणजे काय, हे मी कितीतरी वर्षं ऐकलंच नव्हतं. माझ्याच तोंडून निघत होतं, तरी.

ते ऐकू यायला एक निमित्त झालं. २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात एक फिरंग विक्रीला आली. पातं युरोपीय, एकधारी आणि सरळ; मूठ जाळीदार, सोन्याची नक्षी असलेली. पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्याने मालकाचं नाव: सेनासाहेबसुभा रघोजी भोसले. आणि नावानंतर, जणू कुणाला शंका राहू नये म्हणून, 'फिरंग' हा शब्द. नागपूरकर भोसल्यांचं राज्य उभं करणाऱ्या पहिल्या रघुजींची ही तलवार. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. माझ्यासारख्याला याहून मोठा सण कोणता! मी फोटो सगळीकडे पाठवले. ऑफिसच्या ग्रुपवरही टाकला. खाली खाच, मूठ, खुंटी यांचं माझं नेहमीचं निरूपण.

त्या ग्रुपवर एक बंगाली सहकारी आहे, बर्दवानकडची. तिने लिहिलं, 'सुंदर आहे. माझी आजी मला याच माणसाच्या नावाने झोपवायची.' पुढे हसरा चेहरा. मग दुपारी चहाला तिने सांगितलं की बंगालमध्ये आजही एक अंगाईगीत म्हणतात, त्यात बाळ झोपतं, गाव शांत होतं आणि देशात बर्गी येतात. बर्गी म्हणजे मराठे. म्हणजे आपण. तिच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता, आणि त्यामुळेच मला काय बोलावं ते सुचेना.

मला ही गोष्ट माहीत नव्हती असं नाही. १७४२ साली रघुजींचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालवर चालून गेले, पुढे जवळजवळ दहा वर्षं स्वाऱ्या होत राहिल्या, १७५१च्या तहात ओरिसा आणि वर्षाला बारा लाख रुपये चौथ मिळाली, हे मी पाठ म्हणून दाखवलं असतं. कलकत्त्याच्या इंग्रजांनी घाबरून शहराभोवती 'मराठा खंदक' खणला, हे तर आपण अभिमानाने सांगतो. त्याच काळात गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वाऱ्यांवर काव्य लिहिलं. त्याचं नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव वाचून आपली छाती फुगावी, आणि आत काय? पंडित पोथ्यांची गाठोडी घेऊन पळताहेत, सोनार तराजू घेऊन पळताहेत. बर्गी रुपये मागताहेत. नाहीत म्हणणाऱ्यांचे हात तोडताहेत, नाककान कापताहेत. बायकांचं काय केलं तेही कवी लिहितो. विशेष म्हणजे गंगाराम सुरुवातीला मराठ्यांच्या विरुद्ध नाही. बंगालमध्ये पाप वाढलं म्हणून देवांनीच त्यांना पाठवलं, अशी त्याची मांडणी आहे. पुढे त्यांनी ब्राह्मण आणि बायकाही सोडल्या नाहीत, तेव्हा देवीने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

कवी अतिशयोक्ती करतात, हे मान्य. अर्धं वगळा. उरलेल्या अर्ध्यातही तोडलेले हात राहतातच, आणि ते मी ज्या पात्याच्या लांबीचं कौतुक करतो तसल्याच पात्यांनी तोडलेले असणार.

एलेन स्कॅरी या अमेरिकन अभ्यासिकेचं 'द बॉडी इन पेन' हे १९८५चं पुस्तक आहे. छळाबद्दल लिहिताना ती म्हणते की प्रत्येक शस्त्राला दोन टोकं असतात, आणि छळ करणारा सगळा प्रसंग सुरक्षित टोकाकडूनच अनुभवतो. वाचताना मला ते उघडच वाटलं होतं. आता वाटतं, संग्रहालयातल्या काचेसमोर उभा असलेला मी पण नेमका त्याच टोकाला उभा असतो. तलवार कशीही टांगलेली असो, मनातल्या मनात मी तिची मूठच धरतो. पातं आपल्या दिशेने येतंय अशी कल्पना करून कुणी शस्त्र 'आवडतं' ठरवत नाही. करून बघा. वाघनखांची बोटं आपल्या पोटाकडे वळवलेली आहेत, असं डोळ्यांसमोर आणा. आवड दोन सेकंदांत संपते.

यावर पहिलं उत्तर संग्रहालयवाले देतात: ही आता कला आहे, कलेसारखी पाहा. सोन्याची नक्षी बघा, पोलादावरची लाटांसारखी रेघ बघा. मला हे उत्तर पटत नाही, कारण ते खरं नाही. कान्टने सौंदर्याचे दोन प्रकार मानले. एक फुलासारखं, ज्याला काही उद्देश नाही. दुसरं घोड्यासारखं किंवा इमारतीसारखं, जिथे ती वस्तू कशासाठी आहे हे जाणल्याशिवाय ती देखणी की बेढब हे ठरत नाही. (इमारतींच्या उदाहरणांत त्याने चर्च आणि राजवाड्याच्या जोडीला शस्त्रागारही घेतलं आहे, ही गंमत.) तलवार या दुसऱ्या प्रकारची. तिची प्रत्येक रेषा कशासाठी तरी आहे. माणसाचं शरीर किती मऊ, हाड किती टणक, हात किती लांब, यावरून ती रेषा ठरली आहे. उद्देश काढून टाका आणि नुसती रेषा बघा म्हणणं म्हणजे गाण्याचे शब्द आणि सूर काढून नुसता ताल ऐका म्हणण्यासारखं आहे. मला फिरंग आवडते ती ती चांगली मारते म्हणूनच. नक्षी मला दागिन्यांच्या दुकानातही मिळाली असती.

दुसरं उत्तर जास्त वजनदार आहे: शस्त्र संरक्षणासाठीही असतं. वाघनखांकडे पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४च्या जुलैमध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, तेव्हा भांडण झालं ते ती महाराजांचीच का, यावर. ग्रँट डफच्या घराण्याकडून ती संग्रहालयाला मिळाली, आणि १६५९मध्ये वापरली गेलेली तीच हे सिद्ध करता येत नाही, असं खुद्द संग्रहालय म्हणतं. ती आवडावीत की नाही, यावर मात्र कुणी भांडलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आपल्याहून धिप्पाड माणसाच्या मिठीत सापडलेल्याच्या मुठीत लपेल असं ते शस्त्र. आपण ज्या टोकाला उभे राहतो ते तिथे खरोखर दुबळ्याचं टोक आहे.

पण हा न्याय मी दोन्हीकडे लावतो का? १७४४च्या मार्चमध्ये नवाब अलिवर्दी खानाने मानकरा इथे भास्कररामाला बोलणीसाठी तंबूत बोलावलं आणि बरोबरच्या सरदारांसकट कापून काढलं. आपण याला दगा म्हणतो. मीही म्हणत आलो. प्रतापगडावर खानाने आधी वार केला असं आपली साधनं सांगतात, त्यामुळे हे दोन तंबू एकाच मापाचे नाहीत. तरीही, दोन वर्षं गावं जळताना पाहणाऱ्या काटव्याच्या एखाद्या विणकराला मानकऱ्याची बातमी कशी वाटली असेल? आपल्याला प्रतापगडाची वाटते तशीच, असा माझा अंदाज आहे. आणि अलिवर्दीच्या माणसांनी त्या दिवशी वापरलेली कट्यार मुर्शिदाबादच्या काचेत असती, तर तिच्या पकडीचं मी कौतुक केलं असतं का? प्रामाणिकपणे सांगतो, केलं असतं. कट्यारीची आडवी पकड, मुठीतून सरळ पुढे निघणारं पातं, सगळ्या हाताचा जोर एका टोकावर... मी तिथेही मुठीच्याच बाजूला जाऊन उभा राहिलो असतो. म्हणजे माझी आवड देशभक्तीतून येत नाही. ती सत्तेच्या बाजूची आहे, मग ती सत्ता कुणाचीही असो. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं नाही.

असा विचार करत गेलं तर काहीच शिल्लक राहणार नाही, असं घरी ऐकवलं गेलं. किल्ले, लेणी, पैठणी, सगळ्यांतच कुणाचा तरी घाम आणि रक्त आहे. खरं आहे. पण पैठणीत वेठबिगारी असली तरी पैठणी वेठबिगारीसाठी विणलेली नसते. तलवार मात्र हात तोडण्यासाठीच घडवलेली असते, आणि ज्या गुणांमुळे ती तोडते त्याच गुणांमुळे ती मला आवडते. फरक एवढाच आहे, पण तो मला ओलांडता येत नाही.

खंडेनवमीला आमच्या घरी शस्त्रपूजा होते. शस्त्रं कसली, विळी, सुरी, पाना, स्क्रूड्रायव्हर, लॅपटॉप आणि गावाकडून आणलेला एक कोयता. सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडू. हा दिवस मला आवडतो, कारण त्यात हत्यार या शब्दाचे दोन्ही अर्थ एका पाटावर बसतात. ऊस तोडणारा कोयता आणि माणूस तोडणारा कोयता यांच्यात लोखंडाचा काही फरक नाही. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयता घेऊन गाड्या फोडत फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या सतत येतात. तलवारीने केक कापला म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी कोठडीत बसलेल्या तरुणांच्या तर इतक्या, की मजकूर छापून ठेवावा आणि नाव बदलावं. शेती, स्वयंपाक किंवा कारखान्याचं काम सोडून नऊ इंचांपेक्षा लांब पातं बाळगायला कायद्याने मनाई आहे. ती पोरं रीलमध्ये काय करतात? मूठ धरतात आणि पातं कॅमेऱ्याकडे करतात. म्हणजे आपल्याकडे. आपण त्यांना गुंड म्हणतो, आणि ते ठीकच आहे. पण त्यांना काय आवडलं आहे, हे मला ओळखता येतं. माझ्या आवडीला फक्त काचेचं कपाट आणि तीनशे वर्षांचं अंतर मिळालं आहे.

आता त्या शब्दाकडे येतो, बर्गी. तो आपल्या 'बारगीर'वरून आला. मराठी फौजेत स्वार दोन प्रकारचे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळायची. म्हणजे बंगालने ज्याचं नाव अंगाईगीतात घातलं, त्याच्या हातातली तलवार त्याची नव्हतीच. तिच्यावर सोन्याने काही कोरलेलं नसणार. मोहीम संपली की परत करायची वस्तू. धार बोथट झाली असेल, मुठीचं कापड घामाने कुजलं असेल. तसल्या हजारो तलवारींतली एखादी लंडनला लिलावात आली, तर तिला ४७ लाख कोण देणार? भंगारात गेल्या त्या, किंवा ठोकून त्यांचे विळेकोयते झाले असतील. आपण परत आणली ती नाव असलेली तलवार, आणि सेनासाहेबसुभांच्या कमरेच्या त्या सोनेरी फिरंगेने दरबाराबाहेर कधी काही केलं असेलच असं नाही.

बंगाली आजीने मात्र नेमका माणूस ओळखला होता. तिने रघुजींचं नाव घेतलं नाही, बारगिराचं घेतलं. माझ्या सहकारीने 'याच माणसाच्या नावाने' लिहिलं ते खरं तर चूक होतं. ही दुरुस्ती मी तिला दुसऱ्या दिवशी सांगितली, शिलेदार आणि बारगीर यांच्यातल्या फरकासह, चांगली दहा मिनिटं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'आणि त्याला पगार मिळायचा?'

मिळायचा, म्हटलं. बहुतेक वेळा थकलेला असायचा. म्हणून तर ते रुपये मागत.