आभारात मागणं नको

वाई

चि. बबडीस,


तुझ्या दुकानाच्या दिवाळी शुभेच्छापत्राचा नमुना फोनवर पोचला. शेजारच्या मुलाने अक्षरं मोठी करून दाखवली. महेश्वरी साडीचा काठ कार्डाच्या कडेला किती सुरेख उतरवलायस गं! इकडे सगळं ठीक. ढोल्या गणपतीच्या घाटाला लागलेलं पाणी कधीच ओसरलं. दादाचा गुडघाही आता बरा आहे. पण त्या कार्डाखालची लाल चौकट पाहिली, 'हे कार्ड दाखवा, १५ टक्के सूट मिळवा', आणि जिवाला चुटपुट लागली. म्हणून लिहायला बसले.

बाळा, पत्र आभाराचं असेल तर त्यात मागणं घालू नये. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी भरताना 'आता पुन्हा कधी येणार?' म्हणून आपण तिचा पदर धरून बसतो का? सूट जरूर दे, धंदा आहे तो. पण ती जाहिरात महिनाभराने वेगळी काढ. दिवाळीच्या कार्डात वर्षभर आपल्या दुकानाची पायरी चढलेल्या माणसाला नमस्कार, एवढंच असू दे.

आमच्या कापड दुकानातून काका दिवाळीला कार्डं पाठवायचे. पाकिटाचं तोंड उघडं ठेवून वर 'बुक पोस्ट' लिहिलं की तिकीट कमी लागायचं. संक्रांतीच्या पाकिटात मी हलव्याच्या चार दाण्यांची पुडी घालायची. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्याचा पार चुरा व्हायचा, तरी बायका दुकानात येऊन आवर्जून सांगायच्या, 'तुमचा हलवा पोचला हो.' साडी घ्यायची नसली तरी तेवढं सांगायला आत यायच्या.

एक चूक मात्र आमच्या हातून झाली, ती तुझ्याकडून होऊ नये. एका वर्षी घाई होती, म्हणून वहीतले पत्ते नोकराकडून सरसकट उतरवून घेतले. एका बाईंचा तरणा मुलगा त्याच आषाढात गेला होता. आम्हाला ते ठाऊक होतं, आणि तरीही पणत्यांचं सोनेरी कार्ड त्यांच्या दारात जाऊन पडलं. ज्या घरी वर्षात कुणी गेलं, तिथे कसला सण? त्या दोन वर्षं दुकानाकडे फिरकल्या नाहीत. काका घरी जाऊन हात जोडून आले, पण मला ते कार्ड आजही डोळ्यांपुढे दिसतं. तेव्हापासून नवरात्र संपलं की आम्ही दोघं वही घेऊन बसायचो आणि एकेक नाव मोठ्याने वाचायचो. कुणाकडे बाळ झालं, कुणाची बदली झाली, कुणाकडे दुःख आहे. दुःखाच्या घरी छापील कार्ड नाही, साधं पोस्टकार्ड जायचं, 'आठवण आहे' एवढंच लिहून. तूही तुझी यादी अशी वाच. संगणकातून पत्त्यांच्या चिठ्ठ्या काढ, पण त्याआधी प्रत्येक नावाशी क्षणभर थांब. ईदला किंवा नाताळला ज्यांच्या घरी सण असतो, त्यांची नावं त्या त्या दिवसासाठी वेगळी काढ.

छापखान्याचंही सांगते. कार्डाच्या आतल्या बाजूला लॅमिनेशन करू नकोस. त्यावर पेनाची शाई धरत नाही, हाताला पुसून येते. आणि तुला तिथे लिहायचंय. नुसती सही नको, एक ओळ हवी: 'लेकीच्या लग्नाचा शालू कसा दिसला?' नाहीतर 'तुम्ही विचारलेला जांभळा रंग विणकराकडे सांगितलाय.' पाचशे कार्डांवर लिहिणं होणार नसेल तर दोनशेच छाप. रोज रात्री गल्ला मोजून झाला की दहा लिही, वीस दिवसांत होतील. वसुबारसेच्या आधी कार्ड हातात पडायला हवं, तेव्हा दसऱ्याच्या आधीच लिहायला बस.

आणि पिनकोड! तुझ्या यादीतल्या निम्म्या पत्त्यांना तो नाही. त्याचे शेवटचे तीन आकडे थेट त्या त्या पोस्टापर्यंत नेतात. १९७२ साली ही पद्धत आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतात कविता करणारे. देशात एकाच नावाची गावं किती, मग पत्र चुकू नये म्हणून त्यांनी एवढी काळजी केली. तू सहा आकडे लिहायचा कंटाळा करू नकोस.

व्हॉट्सअ‍ॅपवर शुभेच्छा टाक, कोण नको म्हणतंय? पण दिवाळीच्या सकाळी तसे शेकडो दिवे फोनवर येतात आणि संध्याकाळपर्यंत पुसले जातात. आम्ही दुकान बंद केलं तेव्हा मुलगा गेलेल्या त्याच बाई भेटायला आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक जुनं पोस्टकार्ड काढलं, काकांच्या अक्षरातलं, 'आठवण आहे.' कडा पार मऊ पडल्या होत्या. त्यांनी ते दाखवलं आणि परत जपून पिशवीत ठेवलं.

तेवढी लाल चौकट काढ गं, आणि नवा नमुना पाठव. दिवाळीचा डबा कुरियरने पाठवीन. चकल्या वरच्या थरात असतील, डबा उलटा धरू नकोस. रात्री उशिरापर्यंत दुकानात थांबत असलीस तर पोटात काहीतरी घालून थांब.

तुझी,
आत्या